आधी आकाश, मग समुद्र

केर्न्सहून दक्षिणेला गाडी काढली की दोनेक तासांत मिशन बीच येतं. वाटेत उसाचे मळे लागतात, मग इनिसफेल आणि टली या गावांभोवतीच्या केळीच्या बागा. घडांवर चढवलेल्या पिशव्या पाहून जळगावकडच्या माणसाला क्षणभर रावेर-यावलच्या रस्त्यावर असल्यासारखं वाटेल. त्यानंतर रस्ता दाट पावसाळी जंगलात शिरतो आणि जंगल संपतं तिथे थेट वाळू सुरू होते. चौदा किलोमीटरचा किनारा, समोर डंक बेट आणि त्याच्या पलीकडे ग्रेट बॅरियर रीफ. ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलँडचा हा किनारा फिरणारी कितीतरी मुलं आयुष्यातली पहिली टँडेम उडी इथे मारतात, कारण इथली उडी संपते ती वाळूवर.

आता त्यांत मराठी घरांतली मुलंही असतात. ब्रिस्बेन-सिडनीला शिकणारी असतात, २०२४ पासून भारतीयांसाठी खुल्या झालेल्या वर्क अँड हॉलिडे व्हिसावर आलेली असतात. त्यांना भेटायला गेलेले आईवडील, काका-मावश्याही ‘आलोच आहोत तर’ म्हणून उडीची चौकशी करतात. मी त्या काकांपैकीच एक. तिथे जे शिकलो ते इथे लिहितो आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. गोव्यात किंवा तारकर्लीला बोटीला दोर बांधून आपल्याला वर उचलतात, ते पॅरासेलिंग. कामशेतला डोंगरउतारावरून धावत जाऊन उघड्या पॅराशूटसारख्या पंखाखाली तरंगतात, ते पॅराग्लायडिंग. स्कायडायव्हिंगमध्ये माणूस चालत्या विमानातून बाहेर पडतो, काही वेळ नुसता पडत राहतो आणि मग पॅराशूट उघडतं. टँडेम उडीत तुम्ही प्रशिक्षकाच्या पुढ्यात, त्याच्या हार्नेसला चार ठिकाणी अडकवलेले असता, दोन खांद्यांशी आणि दोन कमरेशी. पॅराशूट त्याच्या पाठीवर असतं, दोघांसाठी एकच. मालवणला पॅरासेलिंग केलं आहे म्हणून हेही तसंच असेल, असं समजू नका.

आता मूळ मुद्दा. आम्ही केर्न्सहून बोटीने बाहेरच्या रीफवर गेलो आणि दोन वेळा स्कूबा डायव्हिंग केलं. संध्याकाळी परत आलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मिशन बीचकडे निघालो. सकाळची उडी ठरलेली होती. काउंटरवरच्या बाईंनी वजन विचारलं, वय विचारलं आणि तिसरा प्रश्न केला, ‘शेवटचं डायव्हिंग कधी केलंत?’ माझ्याबरोबरच्या पुतण्याने उत्साहाने सांगितलं, ‘काल दुपारी.’ त्यांनी पेन खाली ठेवलं. आज तुम्हाला वर नेता येणार नाही, उद्या या, असं शांतपणे सांगितलं. पुतण्याचा चेहरा पडला. ‘काका, आम्हाला बरं वाटतंय, असं सांगू या ना,’ असंही तो कुजबुजला. दुसऱ्या दिवशी ढग होते. उडी झाली तिसऱ्या दिवशी, आणि त्या बाईंचे मी आजही मनापासून आभार मानतो.

कारण असं आहे. पाण्याखाली दाब जास्त असतो. टाकीतली हवा त्या दाबाखाली श्वासात घेतली की तिच्यातला नायट्रोजन नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात रक्तात आणि शरीरात विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू, काही तासांत बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडण्याआधीच तुम्ही उंचावर गेलात, तर भोवतालचा दाब झपाट्याने घटतो आणि उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे तयार होऊ शकतात, सोडावॉटरची बाटली उघडल्यावर होतात तसे. त्यातून सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, चक्कर येते, आणि त्रास मज्जासंस्थेपर्यंत गेला तर तो जन्मभराचा होऊ शकतो. प्रवासी विमानाच्या आत हवेचा दाब राखलेला असतो. उडीच्या विमानात तशी काहीच सोय नसते, त्याचं तर दारच उघडायचं असतं. उडी जिथून मारायची त्या १५,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५६ टक्के राहतो.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस अशी आहे की साध्या एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये. पण ही शिफारस दाब राखलेल्या प्रवासी विमानासारखी परिस्थिती गृहीत धरते. उडीच्या विमानात दाब त्याहून बराच कमी होतो. म्हणून मध्ये पूर्ण २४ तास ठेवा, आणि सलग काही दिवस डायव्हिंग केलं असेल तर डायव्हिंगच्या प्रशिक्षकाला विचारून त्याहूनही जास्त. नुसतं स्नॉर्केलिंग, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत खाली पाहणं, केलं असेल तर हा प्रश्न येत नाही. आणि क्रम उलटा ठेवला, आधी उडी आणि मग डायव्हिंग, तर तो मुळातच मिटतो. उष्ण कटिबंधातल्या कुठल्याही किनाऱ्यावर, मग ते थायलंड असो की हवाई, हे दोन्ही मोह एकाच आठवड्यात समोर येतात. सहलीचा आराखडा करतानाच उडी आधी लिहा.

ती आधी ठेवण्याचं दुसरं कारण हवामान. टली हे ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत पावसाळी गावांपैकी एक. गावात ७.९ मीटर उंचीचा सोनेरी गमबूट उभा केलेला आहे, १९५० साली तिथे पडलेल्या पावसाची उंची दाखवायला. आंबोलीचा पाऊस पाहिलेल्या माणसालाही त्याच्याखाली उभं राहिल्यावर मान वर करावी लागते. मिशन बीच तिथून अर्ध्या तासाच्या आत आहे. आपल्या कोकणाच्या उलट तिथला पावसाळा साधारण डिसेंबर ते मार्च. म्हणजे नाताळच्या सुट्टीत गेलात तर ढग, पाऊस आणि चक्रीवादळांचा मोसम तुमच्या वाट्याला येणार. फेब्रुवारी २०११ मधलं यासी चक्रीवादळ मिशन बीचजवळच जमिनीवर आलं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत परिस्थिती बरी असते, तरी सरी पडतात. जून ते ऑक्टोबर हा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ.

मोसम चांगला असला तरी उडी पुढे ढकलली जाऊ शकते. वैमानिकाला आणि उडी मारणाऱ्यांना खालची जमीन दिसायला हवी, आणि किनाऱ्यावरचा वारा मर्यादेत हवा. शाळेच्या भूगोलातले खारे वारे इथे कामाला येतात. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा जोर धरतो आणि जंगलाच्या डोंगरांवर ढग साचू लागतात. म्हणून सकाळची पहिली-दुसरी वेळ मागा, आणि त्या गावी किमान एक दिवस जादा राखून ठेवा. ‘उद्या दुपारचं विमान आहे, आज काहीही करून उडी मारायचीच’ ही अवस्था सर्वांत वाईट. अशा वेळी माणूस स्वतःची सर्दी लपवतो, डायव्हिंग लपवतो आणि थांबायला सांगणाऱ्या माणसाशी भांडतो.

कोणाबरोबर उडी मारायची, हे स्वस्त तिकिटावरून ठरवू नका. ऑस्ट्रेलियात हा खेळ ऑस्ट्रेलियन पॅराशूट फेडरेशनच्या नियमांखाली चालतो; तुमचं केंद्र तिच्याशी संलग्न आहे का, ते विचारा. दुसऱ्या देशात असाल तर तिथली नियामक संस्था कोणती, हा पहिला प्रश्न. एक मोजपट्टी लक्षात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियमांनुसार टँडेम उडी घेऊन जाणाऱ्या प्रशिक्षकाला या खेळाचा किमान ३ वर्षांचा अनुभव आणि किमान ५०० उड्या पूर्ण असाव्या लागतात. तुमच्या प्रशिक्षकाच्या किती उड्या झाल्या आहेत, हे त्याला मोकळेपणाने विचारा. चांगला प्रशिक्षक या प्रश्नाने दुखावत नाही, उलट आनंदाने सांगतो.

शंभर टक्के सुरक्षित आहे, असं कोणी म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका. १३ ऑक्टोबर २०१७ रोजी याच मिशन बीचच्या आकाशात तीन जणांचा मृत्यू झाला. एकट्याने उडी मारणाऱ्या एका अनुभवी माणसाचं पॅराशूट वेळेआधी उघडलं आणि त्याची एका टँडेम जोडीशी धडक झाली. घाबरवायचं म्हणून हे सांगत नाही. सही करताना तुमच्यापुढे जो कागद येतो तो कशाबद्दल आहे, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगतो. तो पूर्ण वाचा. तुमच्याच विमानातून एकट्याने उडी मारणारे कोणी आहेत का, आणि बाहेर पडण्याचा क्रम व अंतर काय, हेही विचारा.

धोका कमी करण्यासाठी जे केलं जातं, तेही कमी नाही. टँडेम उडी १९८० च्या दशकात अमेरिकेत बिल बूथ आणि टेड स्ट्राँग यांच्या प्रयोगांतून आकाराला आली. दोन माणसांचं वजन एकत्र पडलं तर वेग एकट्या माणसाच्या वेगापेक्षा खूप वाढतो, आणि त्या वेगात मोठं पॅराशूट उघडणं धोक्याचं असतं. म्हणून विमान सोडल्यावर काही क्षणांतच प्रशिक्षक एक छोटं पॅराशूट मागे सोडतो. त्याला ड्रोग म्हणतात. त्याच्या ओढीमुळे वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास राहतो. मुख्य पॅराशूटमध्ये बिघाड झाला तर ते तोडून टाकून दुसरं, राखीव पॅराशूट उघडता येतं. प्रशिक्षकाची शुद्ध हरपली किंवा त्याला काही करता आलं नाही, तर एक छोटं यंत्र उंची आणि वेग ओळखून सुमारे १९०० फुटांवर राखीव पॅराशूट आपोआप उघडतं. हे यंत्र तुमच्या प्रशिक्षकाच्या पिशवीत चालू स्थितीत आहे ना, एवढं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता तुमच्या शरीराबद्दल. वजनाची मर्यादा प्रत्येक केंद्राची वेगळी असते. साधारण ९५ किलोच्या पुढे जादा पैसे आणि त्याहून बऱ्याच वर गेल्यास नकार, असं चित्र दिसतं. तिथे प्रत्यक्ष काट्यावर उभं करतात, तेव्हा बुकिंग करताना खरा आकडा द्या. हृदयविकार, फिट्स, अनियंत्रित रक्तदाब, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, निखळलेला खांदा, पाठीचं किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं, यांपैकी काही असेल तर घरूनच डॉक्टरांशी बोलून निघा आणि फॉर्मवर तसं लिहा. आपल्याकडे आजार लपवायची सवय आहे, विशेषतः मुलांसमोर. इथे ती सवय प्रशिक्षकाचाही जीव धोक्यात घालते. सर्दी असेल तर उडी रद्द करा. कान बंद असताना काही मिनिटांत तीन-चार हजार मीटर खाली येणं कानाच्या पडद्याला झेपत नाही.

उपाशीपोटी जाऊ नका आणि तडस लागेपर्यंत खाऊन तर मुळीच नको. दोन केळी आणि एखादा टोस्ट पुरे. आदल्या रात्री बिअर नको. दारूचा वास आला तर परत पाठवतात आणि ते योग्यच आहे.

कपड्यांचं म्हणाल तर पुण्याच्या शीतल महाजन यांचं नाव आपल्या लोकांना आठवतं. २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी मारणाऱ्या, २०११ साली पद्मश्री मिळालेल्या शीतलताईंनी २०१८ मध्ये थायलंडच्या पट्टायाला नऊवारी नेसून उडी मारली. त्यामागे शेकडो उड्यांचा अनुभव होता. तुम्ही पायाला घट्ट बसणारी पँट, अंगाबरोबरचा टी-शर्ट आणि लेसचे बूट घाला. किनाऱ्यावर ३० अंश असले तरी १५,००० फुटांवर तापमान शून्याच्या जवळ असतं, पण ते थोडाच वेळ सोसायचं असतं, पातळ पूर्ण बाह्यांचा शर्ट पुरतो. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं, घड्याळ काढून ठेवा. केसांची घट्ट वेणी घाला. चष्मा असेल तर त्यावर बसणारा मोठा गॉगल मागून घ्या. कवळी किंवा कानाचं यंत्र असेल तर आधी सांगा. मोबाइल खिशात नेऊ नका, स्वतःचा कॅमेराही नेऊ देत नाहीत. फोटो-व्हिडिओचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे असतात.

जमिनीवर पंधरा-वीस मिनिटांचं शिकवणं होतं. ते इंग्रजीत असतं आणि ऑस्ट्रेलियन उच्चार भरभर अंगावर येतात. कळलं नाही तर पुन्हा विचारा, लाजू नका. तीन गोष्टी मात्र पक्क्या करा. पहिली, विमानाच्या दारातून निघताना शरीराचा आकार. प्रशिक्षक त्याला ‘बनाना’ म्हणतात, केळ्यासारखा. डोकं मागे त्याच्या खांद्यावर, कंबर पुढे, पाय मागे दुमडलेले, हात छातीवरच्या पट्ट्यांना धरलेले. दाराची चौकट किंवा प्रशिक्षकाचा हात पकडायचा नाही. दुसरी, खांद्यावर थाप पडली की हात पसरायचे. तिसरी, उतरताना दोन्ही पाय उचलून पुढे सरळ धरायचे, आणि तो सांगेपर्यंत खाली सोडायचे नाहीत. खुर्चीत बसून मांड्यांखाली हात घालून पाय उचलण्याचा सराव घरीच करा. पन्नाशी उलटलेल्यांनी तर नक्कीच करा. टँडेममध्ये प्रवाशाला दुखापत होते ती बऱ्याचदा याच शेवटच्या क्षणी, पाय आधी टेकल्यामुळे.

विमानात खुर्च्या नसतात. जमिनीवर किंवा लांब बाकावर एकामागे एक बसायचं. वर जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि खरं सांगायचं तर सगळ्या प्रकरणातला हाच सर्वांत कठीण भाग. प्रशिक्षक तुम्हाला स्वतःच्या हार्नेसला अडकवतो ते विमानातच, वर गेल्यावर. तोपर्यंत ‘मी अजून बांधलेलाच नाही’ म्हणून घाबरू नका. चारही अडकण्या लावताना तो मोठ्याने मोजतो, तुम्हीही त्याच्याबरोबर मोजा. आणि मन खरंच तयार नसेल तर दारापाशीसुद्धा ‘नाही’ म्हणता येतं. स्पष्ट, मोठ्याने म्हणा. पैसे परत मिळणार नाहीत, पण तुम्हाला कोणी ढकलू नये, हा नियम त्या पैशांहून मोठा आहे.

बाहेर पडल्यावर पाळण्यात पोटात गोळा येतो तसा येत नाही, कारण विमानाच्या पुढच्या वेगामुळे वारा आधीच अंगावर असतो. पहिल्या काही सेकंदांत श्वास घेता येत नाही असं वाटतं. ओरडा. ओरडल्यावर श्वास आपोआप आत येतो. १५,००० फूट म्हणजे जवळपास पावणेतीन कळसूबाई एकावर एक. त्यातले पहिले दहा हजार फूट साधारण एका मिनिटात संपतात. मग एक जोराचा हिसका, आणि अचानक शांतता. पॅराशूट उघडतं ते साधारण कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर, पण तुमच्या पायाखाली खडक नसतो. हिरवं जंगल, पांढऱ्या वाळूची रेघ, डंक बेट आणि पाण्याखाली फिकट निळे डाग दिसणारी रीफ, हे सगळं एकाच नजरेत मावतं. माझ्या आठवणीत त्या मिनिटभराच्या पडण्यापेक्षा ही नंतरची पाच-सहा मिनिटं जास्त राहिली आहेत. त्या वेळी नाक दाबून हळूच फुंकर घालून कान मोकळे करा. गाडी लागणाऱ्यांनी प्रशिक्षकाला आधीच सांगावं, म्हणजे तो गिरक्या घेत नाही.

वाळूवर उतरल्यावर उत्साहात तसंच समुद्रात धावू नका. नोव्हेंबर ते मे या काळात या पाण्यात बॉक्स जेलीफिश आणि इरुकांजी जेलीफिश असतात, आणि त्यांचा डंख जीवघेणा ठरू शकतो. जाळी लावलेल्या भागातच उतरा.

विम्याची गोष्ट बरेच लोक विसरतात. भारतातून घेतलेल्या पुष्कळ प्रवासविम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात. पॉलिसीत स्कायडायव्हिंगचं नाव शोधा, नसेल तर जादा हप्ता भरून ते जोडून घ्या. ऑस्ट्रेलियात हाड मोडलं तर होणारा खर्च अख्ख्या सहलीच्या खर्चापेक्षा मोठा असू शकतो.

तिकिटं काढण्याआधी कागदावर दिवस मांडा. किनाऱ्यावर पोहोचल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत उडी, तिच्यामागे एक मोकळा दिवस, त्यानंतर डायव्हिंग, आणि घरी नेणाऱ्या विमानाआधीचा अख्खा दिवस जमिनीवर. आणि काउंटरवर कोणी विचारलं, ‘शेवटचं डायव्हिंग कधी केलंत?’ तर खरं उत्तर द्या.